वॉरंटीच्या पुस्तिकेचं नववं पान

पत्र: "दादा, आम्ही सहा वर्षांची, ६८,००० किलोमीटर चाललेली एक मोठी जर्मन सेडान बघून ठेवली आहे. पेट्रोल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शनवाली. कंपनीची मूळ वॉरंटी केव्हाच संपली. विक्रेता म्हणतो, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, गाडीच्या किमतीच्या सहा टक्के पडतील. पण गाडीच्या कागदांबरोबरच सही करायची, नंतर मिळणार नाही. आमचे हे म्हणतात, पैसे पाण्यात जातील. मोठे भाऊजी म्हणतात, असल्या गाडीला वॉरंटीशिवाय हात लावू नका. गाडी घेतल्यावर आमच्या शिलकीतलं फार थोडं उरेल. मला रोज कामावर जायला आणि सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायला गाडी लागते. पुस्तिकेच्या चौदाही पानांचे फोटो सोबत पाठवते. काय करू?"

ताई,

पुस्तिकेचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. वॉरंटी घ्यावी का, असं विचारणारी पत्रं नेहमी येतात, पण सोबत अटींचे कागद क्वचित असतात, मग उत्तरही मोघम होतं. तुमची चौदा पानं मी दोनदा वाचली. माझं मत आधीच सांगतो: ही वॉरंटी, या अटींवर, घेऊ नका. गाडी घ्यावी की नाही हे मात्र आज सांगता येत नाही. त्यासाठी तुम्हाला एक रात्र आणि एक सकाळ द्यावी लागेल. ते कसं, ते पुढे येईलच.

मी बारा वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीच्या काउंटरवर काम केलं. क्लेमचे कागद भरायचे, मंजुरी आली की फोन करायचा, नामंजुरी आली की ग्राहकाला समोर बसवून समजावून सांगायचं. येणारा प्रत्येक जण गाडी घेताना एकच विचार करून आलेला असायचा: ही बिघडली तर? सहा वर्षांच्या प्रीमियम गाडीत काही ना काही निघणारच, त्याबद्दल वाद नको. बघायचं ते हे, की या गाडीत जे निघण्याची दाट शक्यता आहे, नेमके त्याचेच पैसे हा कागद देतो का. तुमचा कागद ते देत नाही, आणि ते नवव्या पानावर लिहिलेलं आहे.

तुमच्या गाडीत मला पहिली काळजी एअर सस्पेन्शनची वाटते. नेहमीच्या गाडीत चाकावर लोखंडी स्प्रिंग असते. इथे तिच्या जागी हवेने फुगवलेली जाड रबरी पिशवी असते, मेकॅनिक लोक तिला एअर बेलो म्हणतात. गाडी खालीवर होते तसं ते रबर एकाच घडीवर दुमडत राहतं. काही वर्षांनी त्या घडीवर बारीक चिरा पडतात. सुरुवातीला गळती इतकी थोडी असते की चालवताना कळतसुद्धा नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर जराशी बसलेली दिसते, इंजिन सुरू केलं की आपसूक वर येते, आणि आपण ते विसरून जातो. पण ती वर येते ती पिशव्यांत हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या जिवावर. हा कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबावा अशाच बेताने बनवलेला असतो. पिशवी गळकी झाली की त्याला पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ पळावं लागतं. तो तापतो, झिजतो आणि एक दिवस जळतो. तेव्हा कुठे डॅशबोर्डवर इशारा येतो.

असाच एक गृहस्थ माझ्यासमोर बसला होता. त्याच्या वॉरंटीच्या यादीत कंप्रेसरचं नाव स्पष्ट होतं. त्याने ते पान दुमडून, खाली पेनाने रेघ मारून आणलं होतं. आम्ही क्लेम पाठवला. वॉरंटीवाल्यांचा तपासनीस आला, त्याने चारही पिशव्यांवर साबणाचं पाणी मारलं, मागच्या डाव्या पिशवीवर बुडबुडे आले, त्याने त्याचा फोटो काढला. दोन दिवसांनी उत्तर आलं: कंप्रेसर जळण्याचं मूळ कारण पिशवीची गळती, पिशवी झिजणारा भाग, झिजणाऱ्या भागामुळे दुसऱ्या भागाचं झालेलं नुकसान धरलं जात नाही. त्यातला प्रत्येक शब्द त्याच्याच पुस्तिकेत होता. तो बराच वेळ त्या दुमडलेल्या पानाकडे बघत राहिला. त्याने कुणालाही फसवलं नव्हतं, हप्ताही वेळेवर भरला होता. त्याच्याशी जे बोलणं वॉरंटी विकत घेण्याआधी व्हायला हवं होतं, ते त्या दिवशी मी केलं. त्याचा काय उपयोग! तुमचं पत्र वाचताना मला तोच आठवला.

आता तुमची पुस्तिका उघडा. चौथ्या पानावर समाविष्ट भागांची यादी आहे. तिच्यात "एअर सस्पेन्शन कंप्रेसर" आहे. पिशव्या, त्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि हवेच्या नळ्या नाहीत. नवव्या पानावर, वरून तिसरा परिच्छेद: "झीज, गळती, गंज अथवा कालपरत्वे होणारा ऱ्हास, तसेच समाविष्ट नसलेल्या भागामुळे समाविष्ट भागास पोहोचलेली हानी." ही दोन पानं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. चौथं पान देतं ते नववं पान काढून घेतं. तुमच्या गाडीचा कंप्रेसर जळाला तर तो बहुधा गळतीनेच जळेल, आणि मग यादीतल्या त्या नावाचा उपयोग शून्य.

वॉरंट्या दोन प्रकारच्या असतात हे इथे लक्षात घ्या. एकीत काय काय धरलंय याची यादी असते, जे यादीत नाही ते गेलं. दुसरीत काय धरलेलं नाही याची यादी असते आणि बाकी सगळं आलं. दुसरी महाग असते, पण तिच्यात वादाला जागा कमी. तुमची पहिल्या प्रकारची आहे. यादी लांबलचक दिसते म्हणून विक्रेते ती अभिमानाने दाखवतात. पण गाडीत हजारो भाग असतात, त्यातल्या दोनशे नावांची यादी म्हणजे फार मोठी यादी नव्हे.

इंजिनाबद्दल तुम्ही मॉडेल लिहिलंत, इंजिनाचा कोड लिहिला नाहीत. तो विक्रेत्याकडून मागून घ्या. "जर्मन गाड्या खर्चिक" हे वाक्य मी ऐकून ऐकून कंटाळलो आहे, त्याने कुणाचंच भलं होत नाही. दुखणं ब्रँडला नसतं, ठरावीक इंजिनाला असतं, आणि तेही ठरावीक वर्षांतल्या. बीएमडब्ल्यूच्या सुरुवातीच्या एन२० इंजिनांत टायमिंग चेनला, म्हणजे इंजिनातल्या भागांचा ताळमेळ राखणाऱ्या साखळीला, जागेवर धरणारे प्लॅस्टिकचे गाइड ठिसूळ होऊन तुटायचे. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम२७२ मध्ये बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक वेळेआधी झिजायचं. तो भाग तसा लहानसा, पण तिथवर पोहोचायला इंजिन उतरवावं लागायचं. या दुसऱ्या उदाहरणात तुमच्या कामाची गोष्ट आहे. प्रीमियम गाडीचं बिल पुष्कळदा भागाने नाही, मजुरीने फुगतं. म्हणून अकराव्या पानावरची मजुरीची ओळ बघा: वॉरंटी ताशी ठरावीक दरानेच मजुरी देते, वरचा फरक तुम्ही भरायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा ताशी दर विचारा आणि त्या ओळीशी ताडून बघा. आणखी एक गोष्ट त्याच पानावर आहे. क्लेम मंजूर होईपर्यंत इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून बघण्याचा खर्च तुमच्याकडे. क्लेम नामंजूर झाला तर तो तुमच्याकडेच राहतो, शिवाय उघडलेलं परत बसवण्याचाही.

गिअरबॉक्सबाबत मी थोडा निश्चिंत आहे, पण एक सांगायलाच हवं. तुमचा आठ गिअरचा बॉक्स झेडएफ कंपनीचा असेल (अशा कित्येक गाड्यांत तोच असतो) तर गाडीच्या सर्व्हिस बुकात त्याचं ऑइल "आयुष्यभरासाठी" असं लिहिलेलं सापडू शकेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. तुमची गाडी ६८,००० वर आहे. तुम्ही वॉरंटी घ्या किंवा घेऊ नका, पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हे काम तुमच्या खर्चाने करून घ्या. ऑइल त्यांनी सांगितलेल्या प्रतीचंच, आणि बिलावर ऑइलची प्रत आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्यायचे. चांगला चाललेला गिअरबॉक्स आणखी बरीच वर्षं चालावा यासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण तुमच्या घरातला वाद त्यावरच आहे. गाडीची किंमत १०० धरा. वॉरंटीला ६ जातात. तुमच्या पुस्तिकेप्रमाणे एका दुरुस्तीला जास्तीत जास्त १० मिळतात आणि त्यातला १ तुमचा वाटा म्हणून कापला जातो. म्हणजे १२ चं मोठं काम निघालं तरी हातात येणार ९. दोन वर्षांत असं एकच मोठं काम निघेल असं धरलं, तर ते निघण्याची शक्यता तीनात दोन असेल तेव्हा कुठे तुमचे ६ वसूल होतात. तेही क्लेम एका फटक्यात मंजूर झाला तर. विकणाऱ्याचं कमिशन, कार्यालयाचा खर्च, नफा हे सगळं त्या सहातूनच जातं, त्यामुळे वॉरंटी घेणाऱ्या सगळ्यांची सरासरी काढली तर भरलेल्यापेक्षा कमीच परत येणार. तुमचे मिस्टर म्हणतात ते हिशेबाने बरोबर आहे.

पण भाऊजींचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. सरासरी हजार गाड्यांची असते. तुमच्याकडे एकच गाडी आहे. १२ चं बिल ज्याला महिनाभर बोचेल आणि मग विसरता येईल, त्याने वॉरंटी घेऊ नये. ज्याला ते बिल भरायला कर्ज काढावं लागेल किंवा कुणाच्या औषधपाण्याचे पैसे वळवावे लागतील, त्याने सरासरीपेक्षा थोडं जास्त मोजून धोका दुसऱ्यावर टाकला तर त्यात काही चूक नाही. विमा आपण त्याचसाठी काढतो. अट एकच: ज्याची भीती आहे तो धोका खरोखर दुसऱ्यावर गेला पाहिजे. तुमच्या कागदात तो जात नाही. सहा मोजूनही सस्पेन्शनची भीती तुमच्याच उशाशी राहते.

दवाखान्याचं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वॉरंटी दुरुस्तीचे पैसे देते, गाडी देत नाही. तपासनीस येईपर्यंत, मंजुरी येईपर्यंत, भाग मागवून येईपर्यंत गाडी रॅम्पवर उभी राहते, आणि वॉरंटीवाल्यांच्या मंजुरीशिवाय कुणी पान्यालाही हात लावत नाही. पुस्तिकेत पर्यायी गाडीचा उल्लेख आहे, तो सात दिवसांपुरता आणि "मंजुरीनंतर" या शब्दासह. सासऱ्यांच्या फेऱ्यांची सोय या कागदावर टाकू नका. त्या दिवसांसाठी भाड्याच्या गाडीचे पैसे वेगळे बाजूला ठेवावे लागतील, वॉरंटी असली तरी.

पैसे शेवटी देणार कोण, हे पहिल्या पानाच्या तळाशी असतं आणि ते कुणी वाचत नाही. गाडी बनवणारी कंपनी स्वतः देणार असेल तर सर्वांत बरं. कुणी तिसरीच संस्था देणार असेल तर तिच्या मागे विमा कंपनी उभी आहे का, ते लेखी हवं. अमेरिकेत यूएस फिडेलिस ही गाड्यांचे असे करार विकणारी मोठी कंपनी होती, जाहिरातींचा मारा करायची. २०१० मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि असंख्य ग्राहक हातात करार धरून ताटकळले. तुमच्या पुस्तिकेत देणारी संस्था आणि विकणारा एकच आहे आणि विमा कंपनीचं नाव कुठेही नाही. एवढं एक कारणसुद्धा मला पुरेसं होतं.

"आजच सही करा, नंतर मिळणार नाही" याचं दडपण घेऊ नका. वयाच्या आणि किलोमीटरच्या मर्यादेत गाडी असली तर असे करार सहसा नंतरही मिळतात, फार तर आधी तपासणी करून घेतात. किंमतही बोलून कमी होते. आणि गाडीच्या कर्जातच वॉरंटीची रक्कम घालू असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. दोन वर्षांच्या वॉरंटीवर पाच वर्षं व्याज भरत बसाल.

मग करायचं काय? विक्रेत्याला सांगा की गाडी एक रात्र सपाट जागी, न हलवता उभी ठेवायची. संध्याकाळी तिथे जा, सोबत मोजपट्टी घ्या. चारही चाकांपाशी, चाकाच्या बरोबर मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ उभं माप घ्या आणि लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी दार उघडण्याआधी, किल्लीला हात लावण्याआधी, तीच चार मापं पुन्हा घ्या. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा उघड खाली आला असेल तर तिथे गळती आहे असं समजून चाला. मग बॉनेटवर हात ठेवा. थंड लागलं पाहिजे. गरम लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी येऊन इंजिन सुरू करून गेलंय, आणि मापांनाही मग अर्थ राहत नाही. थंड असेल तर इंजिन सुरू करायला सांगून तुम्ही समोर उभ्या राहा. पहिल्या काही सेकंदांत साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आला तर टायमिंग चेनची चौकशी करायलाच हवी. फोनवर ते रेकॉर्ड करा.

त्याच सकाळी गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्या, विक्रेत्याने सुचवलेल्या नको. त्याने गाडी रॅम्पवर घ्यावी, पिशव्यांवर साबणाचं पाणी मारावं आणि स्कॅनर लावावा. स्कॅनरवर त्याला नुसते एरर कोड बघू देऊ नका, कारण विकण्याआधी कोड पुसून टाकणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्याला "रेडिनेस मॉनिटर" बघायला सांगा. गाडी आपल्या काही यंत्रणांची तपासणी चालता चालता स्वतःच करत असते. कोड पुसले की त्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते आणि गाडी बऱ्यापैकी चालेपर्यंत ती "अपूर्ण" दिसते. बरेच मॉनिटर अपूर्ण दिसले तर बॅटरी नुकतीच काढली होती का, असं विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी आठवडाभर चालल्यावर पुन्हा स्कॅन करू, असं सांगून निघा.

या तपासणीचा लेखी रिपोर्ट घ्या. तुमच्या पुस्तिकेत पहिले ३० दिवस किंवा १,००० किलोमीटर क्लेम करता येत नाही, आणि आधीपासून असलेला दोष कधीच धरला जात नाही. पुढे कुठलीही वॉरंटी घेतलीत तर "घेतली त्या दिवशी हा दोष नव्हता" हे सांगणारा तो एकच कागद तुमच्याकडे असेल.

गाडी यातून नीट पार पडली, तर त्या ब्रँडच्या अधिकृत डीलरकडे जा आणि सहा वर्षांच्या गाडीला कंपनीची स्वतःची वॉरंटी परत सुरू करता येते का विचारा. काही ब्रँड तपासणी करून देतात. पोर्श १११ मुद्दे तपासून देते, काही देशांत गाडी १५ वर्षांची होईपर्यंत. तुमच्या ब्रँडची तशी सोय असेल आणि तिच्यात एअर सस्पेन्शन पिशव्यांसकट येत असेल, तर सहाऐवजी आठ टक्के पडले तरी तुमच्या परिस्थितीत ती घ्या, असंच मी सांगेन. ती मिळत नसेल तर हे सहा टक्के गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला त्यात थोडी भर घाला.

आणि ताई, एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो, राग मानू नका. गाडी घेतल्यावर एका मोठ्या कामापुरतेही पैसे उरणार नसतील आणि कंपनीची वॉरंटीही मिळत नसेल, तर ही गाडी सोडा. याच मॉडेलची लोखंडी स्प्रिंगवाली गाडी मिळते का बघा. तीच बॉडी, तेच इंजिन, बसायला जवळपास तेवढीच ऐसपैस, आणि सर्वांत मोठी काळजी मुळातच नाही. सासऱ्यांना चढ-उतार करायला एअर सस्पेन्शनची गाडी खाली घेता येते म्हणून तुम्ही ती निवडली असाल, तर मला तसं कळवा. मग विचार थोडा वेगळा करावा लागेल, आणि तो मी करीन.

मापं घेतलीत की आठही आकडे पाठवा, इंजिनाचा कोड आणि सकाळचं रेकॉर्डिंगही. तोवर कुठेही सही करू नका.